शनिवारचा झाडू

सोमवार, १४ ऑक्टोबर. दसऱ्याच्या सुटीनंतरचा शाळेचा पहिला दिवस, सकाळी साडेअकरा. मेडशीच्या आमच्या शाळेचं कार्यालय. हजर: मुख्याध्यापक राऊत सर, शिपाई नारायणभाऊ, लिपिक म्हणून मी, आणि कोणी बोलावलेलं नसताना आलेले मजीद सर. गैरहजर: कोणी नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. मी रोज वही लिहिते. कोण आलं, काय ठरलं, काय राहिलं, असे तीन रकाने. त्या दिवशी तिसरा रकाना मी कोरा सोडला होता. पुढे तोच भरत गेला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजीद सरांना मी त्याआधी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते दारातूनच म्हणाले, "सात नंबर, तुह्या ऑफिसात कम्प्युटर कोणता हाय? शनिवारचा झाडू अजून मारतेस का?"

नारायणभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मला या गावात कोणी एकेरीत हाक मारत नाही, आणि आकड्याने तर नाहीच. पण मी चटकन उभी राहिले. "मारते ना सर. एक शनिवार चुकवला नाही."

मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी कपाळाला हात लावला.

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. कारंजा लाडला कापडाच्या दुकानावरच्या माडीवर मजीद सरांचा संगणकाचा वर्ग होता. आम्हा नोकरदारांना पगारवाढीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागायचं, म्हणून तालुक्या-तालुक्यातले शिक्षक, ग्रामसेवक, कारकून तिथे यायचे. चपला जिन्याखाली काढायच्या. बारा संगणक, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. माणसाला सर आकड्यानेच ओळखायचे. "नावं घरी राहू द्या. नावासंगं पद येते, पदासंगं अक्कड येते. इथी सारे नंबर." एका नायब तहसीलदारांनाही त्यांनी तीन महिने 'अकरा नंबर' केलं होतं.

ते बसायचे नाहीत. वर्गात त्यांची खुर्ची होती, तिच्यावर छत्री बसायची. ते दोन रांगांच्या मधून सतत फेऱ्या मारत, हातातल्या किल्लीने खुर्च्यांच्या पाठी टकटक वाजवत. चहा बशीत, तोही चालता चालता. वडील घड्याळसाज होते. त्यांचा बारीक चिमटा आणि पेचकस सरांच्या चष्म्याच्या डबीत असे, आणि चष्मा वरच्या खिशात उघडाच.

शिकवायची त्यांची एक रीत होती. कोणतीही गोष्ट आधी वहीत लिहायची, मग मोठ्याने म्हणायची, मग हाताने करायची. वीज गेली तर पुठ्ठ्यावर काढलेल्या कळफलकावर बोटं चालवायची. "हात चालवा, डोकं मांगून येते आपोआप."

आमच्या तुकडीत एक म्हातारे कोतवाल होते. निवृत्तीला वर्ष उरलेलं, तरी शिकायची हौस. त्यांना माऊसवर दोनदा टिचकी मारणं जमेना. एक टिचकी आज, दुसरी उद्या. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. सरांनी हसणाऱ्याकडे पाहिलंही नाही. ते कोतवालांच्या बाजूला वाकले. "काका, बाजारात मडकं घेता तं कसं पाह्यता?"

"वाजवून पाह्यतो ना."

"एका टिचकीत बोलते का मडकं?"

"नाही बाप्पा. दोन माराव लागते, टकटक, लागोपाठ."

"मंग मारा. हे मडकंच हाय."

पडद्यावरची खिडकी उघडली. कोतवाल एवढे हरखले की दिवसभर सगळी मडकी वाजवत बसले.

आता झाडू. शनिवारचा तास संपताना सर एक छोटा प्रोग्रॅम चालू करायचे. पडद्यावर लाल-निळे चौकोन यायचे आणि हळूहळू एका रंगाचे चौकोन एका बाजूला सरकायचे. आम्ही टक लावून बघायचो. सर म्हणायचे, "मार्केट यार्डात जा. एकाच शेतकऱ्याचे पोते चार ठिकाणी पडले तं काय होते? हमाल पयते. इकून तिकडं, तिकून इकडं. तुमची डिस्क म्हणजे यार्ड. आत एक सुई फिरते, तो हमाल. दर शनिवारी पोते एका जागी लावा, हमालाची धाव वाचते, कम्प्युटर पयते." हे आम्ही लिहिलं, म्हटलं, केलं. तो प्रोग्रॅम प्रत्येकाला काळा दोरा बांधलेल्या पेनड्राइव्हवरून घरी दिला. दर शनिवारी आपोआप सुरू होईल असं त्यात लावूनही दिलं.

आमच्याकडे तो एक आचारच होऊन बसला. शाळेत नारायणभाऊ शनिवारी घंटेआधी विचारायचे, "म्याडम, मशीनले झाडू झाला का? मंग मारुतीले जाऊन येतो." झाडू चालू असताना कोणी संगणकाला हात लावत नसे. दाखल्यासाठी आलेल्या पालकांनाही आम्ही थांबवून ठेवायचो.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या लॅपटॉपची जुनी डिस्क बदलून नवी बसवली. एसएसडी. हिच्यात फिरणारी तबकडी नसते, सुईही नसते, नुसत्या चिपा. अकोल्याच्या दुकानदाराने जुन्या डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून दिलं, त्यात झाडूही उतरला. पहिले काही महिने लॅपटॉप नुसता पळत होता. मग हळूहळू पेंगायला लागला. मी झाडू आणखी निगुतीने मारू लागले.

तर त्या सोमवारी कपाळाला हात लावून मजीद सर म्हणाले, "दाखव."

लॅपटॉपवर खांडेनवमीच्या पूजेचं हळद-कुंकू तसंच होतं. सरांनी आधी तो उलटा केला, डबीतून वडिलांचा चिमटा काढला आणि हवा बाहेर टाकायच्या जाळीतून झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या ओढून काढल्या.

"पूजा करा, मनाई नाही. पण देवाचं नाक तं मोकळं ठेवा. तापला की हा सोताहून हळू चालते."

राऊत सर म्हणाले, "मजीद सर, बसा तरी. चहा सांगतो."

"चहा येऊ द्या. बसत नाही."

मग ते उभ्यानेच कामाला लागले. प्रत्येक पायरीला मी वहीत आकडा टाकत गेले. पहिलं, महत्त्वाच्या सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर; ती झाल्याशिवाय पुढे काहीच नाही. दुसरं, शनिवारचा झाडू काढून टाकणं. तिसरं, जागा. आमची डिस्क जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती, त्यात स्नेहसंमेलनाचे सात वर्षांचे व्हिडिओ.

"यार्ड गच्च भरलं तं गाडी कुठी वळवशीन, सात नंबर? या डिस्कले आतल्या आत सामान हलवाले मोकळी जागा लागते. पाचवा हिस्सा तरी खाली ठेव. त्याच्यात काही टाकायचं नाही, मोह झाला तरी."

व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर गेले. ती प्रत उघडून पाहिल्यावरच सरांनी मला मूळ फायली पुसू दिल्या. चौथं, लॅपटॉप सुरू होताच जे दहा-बारा प्रोग्रॅम बिनबोलावता उठून बसत होते, त्यांतले आठ बंद. पाचवं, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून त्यांनी एक ओळ टाइप केली. उत्तर आलं शून्य.

"पास," सर म्हणाले.

"आमच्या इथी शून्य आलं तं नापास करतो आमी," राऊत सर म्हणाले.

"इथी शून्य म्हणजे पास. आपण फाइल पुसली की 'ही जागा खाली झाली' असं डिस्कले सांगाव लागते. ते सांगणं चालू हाय का, एवढंच विचारलं मी."

लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. नारायणभाऊ चहा घेऊन आत येईपर्यंत पडदा तयार होता. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "हा तं उठूनच बसला."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक जुनं हजेरीपत्रक काढलं. वर्गाच्या सगळ्या तुकड्या त्यात होत्या. माझं नाव शोधून त्यावर हिरव्या शाईने रेघ मारली.

मी विचारलं, "सर, हे काय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपलाही एसएसडी बसवली होती आणि तिच्यावरही दर शनिवारी झाडू फिरत होता. लॅपटॉप मंदावला म्हणून ते अकोल्याला दाखवायला गेले. तिथल्या कारागिराने तपासून विचारलं, "काका, ह्या डिस्कवर दर आठवड्याले सारं उचलून परत मांडाले तुमाले कोण्या शहाण्यानं सांगतलं?"

"मी म्हटलं, तो शहाणा मीच हाय," सर म्हणाले. "पाह्य ना सात नंबर, या डिस्कमंदी हमालच नाही. कोणतंही पोतं एकाच टायमात हाती येते, कुठी का पडलं असेना. मंग लावायचं कायले? उलटं, पोतं उचललं की थोडं थोडं फाटते. चिपेवर लिहिणं मोजकंच असते. मी तुमाले दर शनिवारी पोते फाडाले शिकवलं."

राऊत सर समजुतीने म्हणाले, "त्या टायमाले ते बराबरच होतं ना सर. डिस्क बदलली, त्यात तुमची काय चूक? आणि आजकालच्या डिस्का मजबूत असतात. चालून तं राह्यलं."

"हो. नुकसान थोडंच हाय, मले मालूम हाय. पण मी 'दर शनिवारी' म्हणून सांगतलं. 'हमाल असन तवरच' असं नाही सांगतलं. अर्धी गोठ सांगतली मी." त्यांनी चहा बशीत ओतला आणि कार्यालयातच फेरी मारली. "दिवाळी झाली की पोरगी येते, परभणीले घेऊन जाते मले. गुडघे गेले. ती म्हणते, एकटे राहू नका. तिच्या घरी गेलो की इकडं येणं होत नाही. तवरोक सारे नंबर गाठायचे हाय."

"फोन करा ना सर. फोनवर सांगता येईल."

"फोनवर काढता येते का? शिकवलं हातानं, काढीन बी हातानं."

हजेरीपत्रक मी हातात घेतलं. हिरव्या रेघा थोड्या, नावं पुष्कळ, आणि ते भेटत होते आठवेल तसे: आज मेडशी, उद्या मानोरा, परवा पुन्हा मेडशीच्या शेजारचं गाव. मला राहवेना. तिथेच कागद घेऊन मी नावं रस्त्याप्रमाणे लावली. मेडशी-मालेगाव एक, जऊळका दोन, मंगरूळपीर तीन, कारंजा गाव शेवटी, कारण ते सरांच्या घराजवळ. प्रत्येक रस्त्यापुढे एसटीची वेळ. सरांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला. "तू पह्यलेपासून अशीच. मी बोलाच्या आंधी शीर्षकाखाली रेघ मारून ठेवायची."

त्यानंतरचे पंधरा दिवस ते नुसते पळत होते. सकाळी एका गावाहून फोन, दुपारी दुसऱ्या. "नऊ नंबर भेटला. रेघ." "दोन नंबर वारला, त्याच्या पोरानं लॅपटॉप दाखवला. रेघ." कुणी अजून जुनीच डिस्क वापरत असेल तर ते म्हणायचे, "ह्याचा झाडू ठेवला. ह्याच्याकडं हमाल हाय." कधी दोन गावांमध्ये एसटी चुकायची, मग कुणाच्या सोयाबीनच्या गाडीवर बसून यायचे. म्हणजे उभे राहून.

एका रविवारी जऊळक्याला मी त्यांच्यासोबत गेले. तिथे आमच्या तुकडीतला तीन नंबर, प्रकाश, आता बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. सरांना पाहून तो काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच बाहेर आला, पाया पडला. त्याची बायको आतून म्हणाली, "हेच का तुमचे झाडूवाले सर? सर, यायच्या शनिवारच्या झाडूपायी दुकान घंटाभर बंद राह्यते. गिऱ्हाईक बाहेर आन् हे आत डब्ब्यासमोर हात जोडून."

"हात नाही जोडत वं मी."

"जोडत नाही तं काय करता? पापणी तरी हालते का तुमची?"

सरांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, "बेटी, आजपासून दुकान उघडं," आणि कामाला लागले. प्रत, झाडू, जागा, शून्य. काम होत आलं तेव्हा प्रकाश छाती फुगवून म्हणाला, "सर, तुमचं शिकवणं म्या वाया नाही जाऊ देल्लं. मेव्हण्याले शिकवलं, दोन्ही पुतण्याईले शिकवलं, सोसायटीतल्या दोघाईले शिकवलं. सारे बराबर शनिवारी मारतात. वहीत लिहून देल्लं म्या त्याईले, जसं तुमी देल्लं."

सर एकदम थांबले. किल्लीची टकटकही थांबली.

"किती झाले हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाच. आन् मेव्हण्यानं किती जणाले सांगतलं काय मालूम. तो भल्ला बोलका हाय."

सरांनी हजेरीपत्रक उघडलं. प्रकाशच्या नावावर हिरवी रेघ मारली आणि समासात पाच नावं लिहून घेतली. पेन खिशात ठेवलं, परत काढलं, 'मेव्हण्याचे' असं लिहून पुढे जागा सोडली. परतताना स्टेशनाच्या कडेने चालत असताना त्यांनी समासातली नावं पुन्हा मोजली. मग म्हणाले, "मी समजत होतो, माह्यापाशी यादी हाय."

मी म्हणाले, "सर, ही सगळी नावं आता होणार नाहीत. दिवस किती राहिले बघा."

"म्हणून तं घाई हाय."

त्या दिवसापासून ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारू लागले: "तू कोणाले शिकवलं?" समास भरला. मागचं पान भरलं. एका ग्रामसेवकाने तर सगळ्या ग्रामपंचायतींच्या बैठकीत सांगितलं होतं. सरांनी त्याच्याकडून पुढच्या बैठकीत उलट सांगायचं कबूल करून घेतलं. ते झालं की नाही हे विचारायला दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा स्वतः गेले. आवाज बसला होता. गुडघ्याला पट्टा आला होता. मी रोज संध्याकाळी फोनवर उद्याचे रस्ते सांगायचे आणि ते रोज एक गाव वाढवायचे.

मला मात्र त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता. माझ्या नावावर रेघ आधीच पडली होती.

दिवाळी झाली. त्यांची मुलगी शबनम परभणीहून आली. निघायच्या दिवशी मी कारंज्याच्या बसस्थानकावर गेले, मेडशी-मालेगावच्या रस्त्यावरचा माझ्याकडचा हिशोब पुरा करून. राहिलेली चार नावं मी स्वतः केली होती. त्यांचा कागद सरांना दिला. उन्हात उभं राहून त्यांनी एकेक नाव वाचलं आणि हजेरीपत्रकात रेघा ओढल्या. शबनम म्हणाली, "अब्बा, गाडी लागली. चला ना. म्याडम, तुमीच सांगा यायले, किती दिवस झाले धड जेवले नाही."

"चाललो, चाललो." ते एसटीच्या पायरीपर्यंत गेले, एक पाय वर ठेवला आणि वळले. हजेरीपत्रक अजून उघडंच होतं.

"सात नंबर. तुले तं विचारलंच नाही मी. तू कोणाले शिकवलं?"

मला सगळं आठवत होतं. केंद्रातल्या शाळांच्या महिला लिपिकांचं प्रशिक्षण आमच्या शाळेच्या सभागृहात झालं होतं आणि त्यात अर्धा तास माझा होता. मी पडद्यावर लाल-निळे चौकोन दाखवले होते. यार्ड, पोती, हमाल, सगळं सरांच्याच शब्दांत सांगितलं होतं. वहीत लिहायला लावलं, मोठ्याने म्हणायला लावलं. टाळ्या पडल्या होत्या. प्रत्येकीला पेनड्राइव्हवर झाडू दिला होता.

मागून कंडक्टर ओरडला. शबनमने त्यांची पिशवी वर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. सरांचा पट्टा बांधलेला पाय अजून पायरीवरच होता. मी हो म्हणाले असते, तर त्यांनी तो पाय खाली ठेवला असता.

"कोणाला नाही सर," मी म्हणाले. "माझ्यापुरतंच होतं."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग पानावर शेवटी काहीतरी छोटं लिहिलं, हजेरीपत्रक मिटलं आणि वर चढले. खिडकीत त्यांचा हात दिसला, हिरवं पेन अजून बोटांत. गाडी वळली तेव्हा ते कुणा शेजारच्या प्रवाशाला काहीतरी समजावून सांगत होते. हाताने कसली तरी ओळ मांडून दाखवत होते.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. परभणीचं पाणी, नातवाची शाळा. "तिकडं सारं बराबर?" असं विचारतात. मी "बराबर सर" म्हणते आणि फोन ठेवून वही उघडते.

त्या प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक मी ठेवलं नव्हतं. आयुष्यात सगळ्याच्या याद्या केल्या, त्या दिवशीची मात्र नाही. चहा किती लागला ते लिहून आहे, कोण आलं ते नाही. आठवून आठवून अकरा नावं झाली. सहा जणींकडे जाऊन आले, हातानेच काढलं, आणि प्रत्येकीला विचारलं, तू कोणाला शिकवलंस. माझाही समास भरत चालला आहे. पाच जणी उरल्या, त्यांतल्या दोघींच्या बदल्या झाल्या. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी, आणि जाताना "मी आमच्या गावात सगळ्यांना शिकवते" असं म्हणालेली जी बाई होती, तिचं नाव आठवत नाही, शाळाही नाही. केंद्रप्रमुखांना फोन करून विचारायचं आहे. तिसऱ्या रकान्यात हे दोन आठवड्यांपासून लिहिलेलं आहे; आज शनिवार, आजही राहिलं.